कात्रणांची खाडी: न थांबणारं कोलाज-ॲनिमेशन पायरीपायरीनं

माझा पहिला लूप, म्हणजे संपताच पहिल्यापासून सुरू होणारं ॲनिमेशन, खाडीचाच होता. कागदी खारफुटी, एक बगळा, दोन खेकडे आणि मागे निळ्या कागदाच्या पट्ट्या. दिसायला बरा होता, पण दर आठ सेकंदांनी सगळी खाडी उचकी लागल्यासारखी अडखळायची. दोन संध्याकाळी मी बगळ्याची मान दुरुस्त करत बसलो. चूक मानेत नव्हतीच. पहिली आणि शेवटची फ्रेम एकच होती, त्यामुळे तेच चित्र लागोपाठ दोनदा दिसत होतं. एक फ्रेम उडवली आणि खाडी वाहायला लागली.

तशीच एक खाडी इथे पहिल्यापासून बांधू. वेळ ओहोटीची, चिखल उघडा पडलेला, त्यात खारफुटीची मुळं, काठावर पाण्याची पातळ जीभ आत-बाहेर करतेय. चौकट १०८० बाय १०८० पिक्सेल. कापाकापीसाठी फोटोशॉप, क्रिता किंवा गिम्प. हालचालीसाठी आफ्टर इफेक्ट्स किंवा ब्लेंडर. यातलं क्रिता, गिम्प आणि ब्लेंडर फुकट मिळतं. कुठलं बटण कुठे आहे ते सांगत बसणार नाही, ती दर आवृत्तीत जागा बदलतात. हिशोब मात्र सगळीकडे तोच राहतो.

किनारा लूपसाठीच बनलेला

बहुतेक किनाऱ्यांवर भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी परत येते. लाट काही सेकंदांनी येते, पंख त्याहून लवकर. म्हणजे इथली निम्मी हालचाल मुळातच परतीची आहे, आपण फक्त ती निवडायची. लूपचा शेवट सुरुवातीला जिथे जोडला जातो ती शिवण. ती लपवण्याच्या युक्त्या नंतर शोधत बसण्यापेक्षा, जे आपणहून परत येतं तेच हलवायचं. माझ्या मते या कामातली अर्धी मेहनत या एका निवडीत वाचते.

नवखे इथे एक आडवाट धरतात: चार सेकंदांचं ॲनिमेशन करायचं आणि पुढचे चार सेकंद तेच उलटं चालवायचं. शिवण दिसत नाही हे खरं. पण लाट आली त्याच चालीनं परत जात नाही. येताना ती झेपावते, जाताना रेंगाळते. उलटी चालवलेली लाट बघणाऱ्याला लगेच खटकते, काय खटकलं ते त्याला सांगता आलं नाही तरी. वाऱ्यावर झुलणाऱ्या फांदीला उलटसुलट चालवा, बाकी कशालाही नको.

९६ हा आकडा

सेकंदाला १२ फ्रेम आणि लांबी ८ सेकंद, म्हणजे ९६ फ्रेम. सेकंदाला २४ फ्रेम घेतल्या तर हालचाल गुळगुळीत होते आणि कात्रणांचा कागदीपणा मरतो. कोलाजला १२ ची किंचित खडबडीत चाल शोभते.

९६ला भाग जाणारे आकडे भरपूर: ४८, ३२, २४, १६, १२, ८, ६, ४. नियम एकच. कुठल्याही थराचा फेरा या आकड्यांपैकी एका आकड्याइतका असला की ९६व्या फ्रेमला तो मूळ जागी पोचलेला असणारच. २५ फ्रेमचा फेरा घेतलात तर तीन फेरे पूर्ण होऊन चौथा २१व्या फ्रेमवर कापला जाईल आणि धक्का बसेल. १०० फ्रेमचा लूप कागदावर नीटनेटका वाटतो, पण त्याला ३, ६, ८ किंवा १२ नं भाग जात नाही, म्हणून मी तो टाळतो.

आता माझ्या उचकीचा इलाज. फ्रेमची मोजणी शून्यापासून करा. शून्याव्या फ्रेमला जी स्थिती, तीच ९६व्या फ्रेमला ठेवा आणि निर्यात करताना ० ते ९५ एवढंच काढा. ९६वी फ्रेम असते ती फक्त हालचालीला कुठे जायचंय ते कळावं म्हणून, ती दाखवायची नसते.

कात्रणं कुठून आणायची

जुनी प्राणिचित्रं हा कोलाजवाल्यांचा खजिना. बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीत जुन्या निसर्गग्रंथांची पानं स्कॅन करून ठेवलेली आहेत आणि त्यातली बरीच हक्कमुक्त आहेत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमनं २०१७ साली आणि स्मिथसोनियननं २०२० साली आपल्या संग्रहातली लाखो चित्रं सीसी-झिरो, म्हणजे कुणीही कशासाठीही वापरावीत अशा परवान्यावर खुली केली. पाण्यासाठी माझी आवडती जागा वेगळीच आहे: ॲना ॲटकिन्स या बाईंनी १८४३ पासून समुद्री शेवाळाचे सायनोटाइप, म्हणजे उन्हात उमटणारे निळे छायाठसे, काढले होते, त्यांची गडद निळी पार्श्वभूमी. त्या निळ्यात कागदाचा पोत आहे, रसायनाचे डाग आहेत, कडांना फिकटपणा आहे. संगणकावर भरलेला सपाट निळा त्याच्या जवळपासही येत नाही.

फोटो वापरणार असाल तर परवाना वाचा. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर लोकांनी टाकलेल्या फोटोंना सहसा व्यापारी वापराला मनाई असते, कारण तिथला मूळ परवानाच तसा आहे. 'श्रेय द्या' असं लिहिलेलं असेल तर कुठलं कात्रण कुणाचं, हे पहिल्या दिवसापासून एका फाइलमध्ये टिपत जा. शेवटी आठवून लिहू म्हटलं की काहीच आठवत नाही.

सगळ्यात चांगलं साहित्य मात्र स्वतः स्कॅन केलेलं. रिकामे शिंपले, वाळलेली पानं, गंजलेला पत्रा, मिठानं फुगलेलं लाकूड. वस्तू धुऊन वाळवा, वाळूचा कण स्कॅनरच्या काचेला ओरखडा पाडतो. काचेवर ठेवा, वरून आतून काळा केलेला खोका उपडा घाला आणि ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा. वस्तू प्रकाशात, मागे काळोख, त्यामुळे कापणं सोपं जातं. शिंपला उचलताना आत कुणी राहत नाही ना ते बघा. शंखात संन्यासी खेकडा असतो आणि त्याच्यासाठी ते घर असतं. पक्ष्यांचे फोटो लांबूनच घ्या. तुमच्यामुळे पक्षी उडाला तर पोटभर खायला मिळणाऱ्या ओहोटीतली त्याची काही मिनिटं वाया गेली.

एक बंधन मी स्वतःवर घालून घेतो: एका चित्रात चारच रंगकुटुंबं. इथे चिखलाचा तपकिरी, सायनोटाइपचा निळा, जुन्या कागदाचा पिवळट पांढरा आणि खेकड्याच्या नांगीसाठी एक भडक नारिंगी. निरनिराळ्या शतकांतली कात्रणं एका रंगात बुडवली की एकमेकांशी बोलायला लागतात.

कापणं आणि सांधे

कडा फार सफाईदार कापू नका. कात्रणाभोवती दोन-तीन पिक्सेल कागदाची पांढरी किनार राहू द्या आणि खाली हलकी सावली टाका. सगळ्या सावल्या एकाच दिशेला पडल्या पाहिजेत. एवढ्यानं 'हे कागदावर कागद ठेवलेलं आहे' हे डोळ्याला पटतं आणि मग बाकीच्या चुका तो माफ करतो.

हलणारा प्रत्येक अवयव वेगळ्या थरावर हवा. सांध्यापाशी कापताना सरळ रेघ मारू नका. दोन्ही तुकड्यांना गोल टोक द्या आणि ते एकमेकांवर चढू द्या, नाहीतर वळल्यावर फट दिसते. मान कापून काढली की मागे जे भोक पडतं ते आधी शेजारच्या पिसांनी भरा. हे कंटाळवाणं काम आहे आणि टाळलं तर नंतर दुप्पट होतं.

फिरण्याचा बिंदू कुठे ठेवायचा यासाठी थोडं शरीरशास्त्र लागतं. बगळ्याच्या पायात मधोमध जो सांधा मागे वळलेला दिसतो तो गुडघा नव्हे, घोटा. खरा गुडघा वर पोटाच्या पिसांत लपलेला असतो. घोट्याला गुडघा समजून पुढे वाकवलात की पक्षी पँट घातलेल्या माणसासारखा चालतो. बगळ्याच्या मानेचे निदान तीन तुकडे करा, कारण तिचा इंग्रजी एस अक्षरासारखा वळसा हाच त्याचा झेप घेण्याचा स्प्रिंग असतो. फिडलर खेकड्याच्या नराची एकच नांगी प्रचंड असते, मादीच्या दोन्ही लहान. नांगी हलवून दाखवायची असेल तर नर निवडा आणि फिरण्याचा बिंदू नांगीच्या मुळाशी, धडाजवळ ठेवा.

आणखी एक पथ्य: एका चित्रातले जीव एका किनाऱ्याचे असावेत. कोलाजमध्ये खेकडा बगळ्याएवढा दाखवा, आकाशात मासे सोडा, सगळं चालतं. पण खारफुटी उष्ण प्रदेशातली आणि केल्पची शेवाळवनं थंड पाण्यातली. ती नकळत एकत्र आली तर ते स्वैर कल्पना वाटत नाही, अज्ञान वाटतं. फिडलर खेकडाही शांत चिखलाचा रहिवासी, लाटा आपटणाऱ्या कातळाचा नव्हे. आपली खाडी म्हणूनच निवडली.

पाणी

मागच्या पाण्यासाठी निळ्या कागदाच्या तीन पट्ट्या कापा, वरची कड नागमोडी. सहज सुचतं ते म्हणजे त्या आडव्या सरकवणं. नका सरकवू. लाट पुढे जाते तेव्हा पाणी तिच्याबरोबर फारसं पुढे जात नाही. पाण्याचा कण जवळपास वर्तुळात फिरून आपल्या जागी येतो. खोल पाण्यात हे वर्तुळ गोल असतं, उथळ पाण्यात चपटं होतं. लूपसाठी याहून सोयीची गोष्ट नाही: प्रत्येक पट्टी लहानशा लंबवर्तुळात फिरवायची, की फेरा संपताना ती आपोआप घरी.

मागच्या पट्टीचं लंबवर्तुळ ६ पिक्सेल रुंद आणि २ उंच, मधल्या पट्टीचं १२ आणि ४, पुढच्या पट्टीचं २० आणि ६. फेरा तिन्हींचा ४८ फ्रेम, पण सुरुवात वेगवेगळ्या जागी: एक शून्यावर, दुसरी १६ फ्रेम पुढे, तिसरी ३२. सूत्र लिहिता येत असेल तर आडव्या जागेसाठी कोसाइन आणि उभ्यासाठी साइन. आत २ गुणिले पाय (π) गुणिले फ्रेम क्रमांक भागिले ४८. सूत्राचं वावडं असेल तर पट्टी एका लंबवर्तुळाच्या मार्गाला जोडा आणि वेग एकसारखा ठेवा. पट्ट्या कापताना चौकटीपेक्षा दोन्ही बाजूंनी ४० पिक्सेल जास्त ठेवा, नाहीतर कोपऱ्यातून कागद संपलेला दिसेल.

काठावरची पाण्याची जीभ वेगळी बाब आहे आणि इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. सारख्या दोन लाटा घातल्या तर लूप ४ सेकंदांचाच वाटतो. म्हणून एक छोटी लाट ४० फ्रेमची आणि एक मोठी ५६ फ्रेमची. बेरीज ९६ आली की बस्स, एकेकट्या आकड्यानं भाग जायलाच हवा असं नाही. छोटी लाट १३ फ्रेममध्ये वर, २ फ्रेम थबकणार, २५ फ्रेममध्ये खाली. मोठी १८ फ्रेममध्ये वर, ३ थबकणार, ३५ खाली. वर येताना सुरुवात जोरात आणि शेवट मंद. खाली जाताना सुरुवात मंद. लाट मागे सरताना ओल्या चिखलाचा गडद थर तिच्यामागे उरतो, तो पुढच्या १५ फ्रेममध्ये हळूहळू फिका करा. फेसाची रेघ म्हणून फाडलेल्या टिश्यू पेपरची कड स्कॅन करा. कापलेली चालत नाही, फाडलेलीच हवी.

जिवांची चाल

हलणारे मुख्य जीव तीनच ठेवा. बाकी सगळं स्तब्ध. तिवराची श्वसनमुळं चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली असतात, ती हलत नाहीत आणि हलवूही नका. शेजारी काहीतरी ठाम उभं असलं तरच पाण्याची चाल जाणवते. ढगही मी स्थिर ठेवतो. आठ सेकंदांत ढग परत जागेवर आणायचा म्हणजे त्याला पळवावं लागतं, आणि पळणारे ढग म्हणजे वादळ.

खेकडा: नांगी वर नेण्याचा आणि खाली आणण्याचा एक फेरा २४ फ्रेमचा. चार फेरे बसतात, त्यातले तीन वापरा आणि चौथ्यात त्याला बिळात पाठवा. वर नेताना झटका, खाली आणताना सावकाश. दुसरा खेकडा घातलात तर त्याला ७ फ्रेम उशिरा सुरू करा, नाहीतर कवायत दिसते.

निवटी: हा चिखलावर सरपटणारा मासा पापणी मिटत नाही, डोळा खाली खोबणीत ओढून घेतो. ॲनिमेशनसाठी याहून स्वस्त काही नाही. डोळ्याचं कात्रण ३ फ्रेम खाली आणि परत वर, ९६ फ्रेममध्ये दोनदा, दोहोंमधलं अंतर असमान. बाकी मासा पुतळ्यासारखा. लोक सगळ्यात आधी त्याच्याकडेच बघतात.

बगळा: ६९ फ्रेम जवळपास काहीच करत नाही. मान हळूहळू मागे जाते, इतकी हळू की कळू नये. ७०व्या फ्रेमला झेप, दोन फ्रेममध्ये चोच चिखलात. त्याच क्षणी खेकडा बिळात. मग १४ फ्रेममध्ये मान पुन्हा वर, चोच रिकामी, आणि उरलेल्या फ्रेममध्ये तो पहिल्या जागेवर स्थिरावतो. चोचीत काही पकडलेलं दाखवलंत तर त्याचं पुढच्या फेऱ्यात काय झालं हा प्रश्न उभा राहतो. लूपमधल्या बगळ्यानं कायम उपाशी राहावं.

वरून एखादा कुरव पक्षी नेता येईल. तो १०व्या फ्रेमला डावीकडून आत आणि ६५व्या फ्रेमला उजवीकडून बाहेर. शिवणीच्या वेळी तो चौकटीबाहेरच असल्यामुळे त्याच्या पंखांच्या फेऱ्याचा हिशोब करावा लागत नाही. पंख खाली जाताना पूर्ण उघडा, वर जाताना मनगटात थोडा मिटलेला. तीन-चार फडफडी आणि मग नुसतं तरंगणं.

दुसरा किनारा निवडलात तर थोडे ठोकताळे. जेलीफिशची छत्री आकसते पटकन, उघडते संथपणे. २४ फ्रेमच्या फेऱ्यात ८ आणि १६ अशी वाटणी करा आणि सोंडा ३-४ फ्रेम मागून येऊ द्या. समुद्री कासव पुढचे दोन्ही वल्हे एकदम पंखांसारखे हलवतं, मागचे सुकाणूसारखे. माशाच्या अंगातली लाट डोक्याकडे जवळपास नसते आणि शेपटीकडे वाढत जाते, म्हणून माशाचे पाच तुकडे करून प्रत्येकाला आधीच्यापेक्षा २ फ्रेम उशिरा आणि थोडा जास्त कोन द्या. पाणगवताचंही तेच, फक्त मूळ घट्ट रोवलेलं.

शिवण तपासणं

जागा जुळली म्हणजे शिवण जुळली असं नाही. वेगही जुळावा लागतो. बहुतेक सॉफ्टवेअर प्रत्येक कळफ्रेमपाशी, म्हणजे जिथे आपण स्थिती नेमून देतो त्या फ्रेमपाशी, हालचाल मंद करतं. सगळ्या थरांच्या कळफ्रेम शून्यावर असतील तर सगळी खाडी दर आठ सेकंदांनी श्वास रोखते. त्यासाठीच वर सगळ्यांना वेगवेगळ्या वेळी सुरू केलं. सतत फिरणाऱ्या गोष्टींची सुरुवात आणि शेवट मंद न करता एकसारख्या वेगाचे ठेवा.

तपासायची सोपी रीत: सगळी टाइमलाइन ४८ फ्रेम पुढे ढकला, म्हणजे शिवण बरोबर मध्यावर येते. आता ४०व्या ते ५६व्या फ्रेमपर्यंतचा भाग पुन्हापुन्हा बघा. टोकाला न दिसणारा झटका इथे स्पष्ट दिसतो.

कागद जिवंत वाटावा म्हणून पोताचा थर थरथरवायचा असेल तर 'यादृच्छिक थरथर' हा पर्याय वापरू नका, तो कधीच परत येत नाही. त्याऐवजी एकाच कागदाचे चार वेगळे स्कॅन घ्या आणि प्रत्येक दोन फ्रेम दाखवा. आठ फ्रेमचा फेरा, ९६मध्ये बारा वेळा बसतो. आफ्टर इफेक्ट्सच्या फ्रॅक्टल नॉइज आणि टर्ब्युलंट डिस्प्लेस या इफेक्टांमध्ये 'सायकल इव्होल्यूशन' नावाची खूण आहे, ती केली की तेही फेऱ्यात येतात.

बाहेर काढणं

जिफ करायचं असेल तर दोन अडचणी. पहिली, एका रंगतक्त्यात २५६ रंगच बसतात. आपली चार रंगकुटुंबं इथे कामाला येतात. दुसरी, जिफमध्ये प्रत्येक फ्रेमचा वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागातच मोजतात. सेकंदाला १२ फ्रेम म्हणजे ८.३३ शतांश, ते लिहिता येत नाहीत. ८ लिहा, लूप ७.६८ सेकंदांचा होईल, कुणाला कळणार नाही. थरथरणारा कागदी पोत जिफमध्ये फाइल प्रचंड फुगवतो, तिथे पोत स्थिर ठेवा.

व्हिडिओ असेल तर एमपीफोर, एच-२६४. काही ठिकाणी व्हिडिओ संपून पुन्हा सुरू होताना प्लेअर स्वतःच किंचित थांबतो, त्यात तुमचा दोष नसतो. एकाच फाइलमध्ये तेच ९६ फ्रेम चार वेळा जोडून टाका, थांबणं निदान अर्ध्या मिनिटानं एकदा होईल. आवाजाला हे जास्तच लागू: आवाज दाबताना एएसी पद्धत सुरुवातीला थोडी शांतता घुसवते, आणि पाण्याच्या सलग आवाजात ती टोचते. पाण्याचा आवाज १० सेकंदांचा घ्या, शेवटचे २ सेकंद हळूहळू मिटवत सुरुवातीच्या २ सेकंदांवर चढवा, म्हणजे ८ सेकंदांचा बिनजोड तुकडा मिळतो.

वेबपानावर लावणार असाल तर पाच सेकंदांहून जास्त आपोआप हलणाऱ्या गोष्टीला थांबवायची सोय द्या, आणि पाण्यावरची चमक सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लुकलुकू देऊ नका. काही लोकांना हालचालीनं गरगरतं, काहींना लुकलुकाटानं झटका येऊ शकतो.

सगळं झालं की लूप पडद्याच्या कोपऱ्यात लहान करून लावून ठेवा आणि दहा मिनिटं दुसरंच काहीतरी काम करा. ज्या गोष्टीकडे डोळा सारखा ओढला जातो तिची हालचाल निम्मी करा आणि पुन्हा दहा मिनिटं लावा. माझ्या खाडीत तो दुसरा खेकडा होता. शेवटी त्याला काढूनच टाकला.